एकतिसावी स्लाइड

सातारा,
२६ नोव्हेंबर १९९८

प्रिय दादा,

तुझं पत्र गेल्या आठवड्यात मिळालं. दिवाळीला मी एवढ्या हौसेनं फ्लॉपीवर शुभेच्छापत्र करून पाठवलं, आणि तुझ्या पलटणीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ते उघडलंस तर 'प्रिय दादा'च्या जागी एक डॉलर, दोन कंस आणि डोक्यावर टोपी घातलेला इंग्रजी ए! वाचून मी एकटीच खूप हसले. हा काही गुप्त संदेश तर नाही ना, असं तुझ्या सुभेदारसाहेबांनी विचारल्यावर तू त्यांना काय सांगितलंस, ते मात्र तू लिहिलं नाहीस. पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस, "असं का होतं गं, सपने?" दादा, मला प्रश्न विचारला की माझं कसं होतं ते तुला ठाऊक आहे. लहानपणी मेंढरं पावसाकडे पाठ का करतात, असं मी विचारलं होतं आणि दोन दिवस उत्तर मिळालं नाही तर दोन दिवस नीट जेवले नव्हते. नेमका तुझाच प्रश्न गेला महिनाभर माझ्यापुढे होता. उत्तर सापडलं. पण ते शोधता शोधता दुसरंच काही हाती लागलं, आणि तेही तुला सांगायचं आहे. पत्र लांबणार आहे, तेव्हा सवडीनं वाच.

घरी सगळे बरे आहेत. आईचे गुडघे थंडीनं कुरकुरतात, तरी रोज शाळवाच्या रानात जाऊन येते. शाळू गुडघ्याच्या वर आलाय. आप्पांबद्दल तू विचारत नाहीस, म्हणून मी लिहीत नाही, असं आपलं तीन वर्षं चाललं आहे. रजेवर आलास तरी इस्लामपूरला भाऊसोमामांकडे उतरतोस, आईला तिकडे बोलावून घेतोस आणि परत जातोस. या पत्रात मात्र मी आप्पांबद्दल लिहिणार आहे. पानं अर्ध्यावर ठेवून देऊ नकोस, एवढंच आधी सांगते.

तुला पांढऱ्या स्कूटरवाल्या डॉक्टरीणबाई आठवतात का? आपण शाळेत असताना गावात मेंढरांना लस टोचायला यायच्या. साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला काचेच्या नळ्यांची पेटी. त्या पद्मा मॅडम. मूळच्या वाईच्या. जूनमध्ये निवृत्त झाल्या आणि सप्टेंबरमध्ये एक दिवस इथं आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या पायऱ्या चढून आल्या. हातात कापडी पिशवी, तीत सोळा वह्या आणि चपलांच्या खोक्यात भरलेले फोटो. मला म्हणाल्या, "मला हे पडद्यावर दाखवायचंय. सांगलीला चार जिल्ह्यांच्या जनावरांच्या डॉक्टरांची सभा आहे. मला कॉम्प्युटरचं काही येत नाही, पण शिकायला वेळ भरपूर आहे." मी आकारामची, आपल्या आप्पांची, मुलगी हे त्यांना माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलंच नाही.

सोळा वर्षं त्या वडूजच्या पूर्वेच्या गावागावांतून हिंडल्या आणि जिथं जिथं कळप मेला तिथं जाऊन लिहून घेत राहिल्या. कोणत्या तारखेला पहिलं जनावर पडलं, त्याच्या आधी कळप कुठं बसला होता, पाणी कुठं प्यायला, शेजारी कुणाची मेंढरं होती. गुरांच्या बुळकांडीचा धाकटा भाऊ म्हणावा असा मेंढ्यांचा एक रोग आहे. ताप, डोळ्यांना चिपडं, तोंडात फोड, मग हगवण, आणि पाच-सहा दिवसांत जनावर संपतं. तो एकीच्या श्वासातून दुसरीला होतो. मॅडमचा प्रश्न एकच होता: तो एका गावातून दुसऱ्या गावात जातो कसा? त्याच्यापायी त्यांनी सोळा वह्या भरल्या. मला त्या फार आवडल्या, दादा. आपल्याला एकटीलाच असले प्रश्न पडत नाहीत, हे समजून बरं वाटलं.

महिनाभर रोज दुपारी बसून आम्ही शेहेचाळीस स्लाइड तयार केल्या. मजकूर मी टाइप करायची, फोटो आणि हातानं काढलेले नकाशे स्कॅन करायची. एका दिवसात पंधरा-वीस कागद यंत्रात घालायचे म्हटल्यावर प्रत्येक कागद कोण निरखून बघतं? मालकांची नावं कुठंच नव्हती. नुसतं कळप एक, कळप दोन, असं. शेवटी मॅडमनी चार-पाच स्लाइड लपवून ठेवायला सांगितल्या, म्हणजे त्या फाइलमध्ये राहतात पण पडद्यावर येत नाहीत. त्यात एकतिसावीही होती. हातानं रेखाटलेली, जरा गिचमिड. अक्षर चांगलं नाही म्हणून नको असेल, असं मी धरून चालले.

सगळी फाइल अकरा एमबीची झाली. फ्लॉपीत दीडच मावतं. मग तुकडे करून आठ-नऊ फ्लॉप्यांवर भरली आणि सभेच्या आधी मॅडम एकदा सांगलीला जाऊन तिथल्या कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उघडून आल्या. परत आल्या त्या पडेल चेहऱ्यानं. चित्रं ठीक होती, पण 'मेंढी'च्या जागी तुझा तो टोपीवाला ए! तेव्हा मला कारण कळलं. कॉम्प्युटर 'म' हे अक्षर साठवत नाही, दादा. तो फक्त एक आकडा साठवतो. त्या आकड्याला कोणता आकार काढायचा हे फाँट सांगतो, आणि मराठी फाँट बनवणाऱ्या प्रत्येकानं आपापली वेगळी वाटणी केलेली आहे. आपण मेंढीच्या कानाला खूण करतो ना, तसंच हे. आपल्या खुणेची मेंढी आपल्या वाड्यात कुणीही ओळखेल. दुसऱ्या मुलखात तिचा कान नुसता फाटलेला दिसतो.

आठ दिवसांवर सभा आलेली. शेवटी मीच म्हटलं, मॅडम, अक्षरं तिकडे जात नसतील तर कॉम्प्युटरच घेऊन जाऊ. आईनं दिलेल्या घोंगडीत तो डबा गुंडाळला आणि सातारा-सांगली गाडीत दोघींच्या मध्ये बसवला. कंडक्टर वाकून बघून म्हणाला, "ह्ये कोण हाय? ह्याचं अर्धं तिकीट लावू का?" मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "दोन वर्षांचा आहे. मांडीवर घेते." आणि कऱ्हाडपर्यंत त्यांनी खरंच तो मांडीवर घेतला! सभा छान झाली. मी अंधारात बसून एकेक स्लाइड पुढे सरकवत होते आणि मॅडम बोलत होत्या. चहाच्या वेळी एक मोठे साहेब येऊन म्हणाले, की यातल्या महत्त्वाच्या दहा-बारा स्लाइड निवडून एका फाइलमध्ये द्या. आम्ही चारी जिल्ह्यांत पाठवतो, तिथून छापून गावोगावच्या दवाखान्यांत लावतील, बाजाराच्या ठिकाणी लावतील. पण सगळीकडे कॉम्प्युटर वेगळे आणि फाँट वेगळे, तेव्हा कुठंही उघडली तरी जशीच्या तशी दिसेल अशी फाइल हवी. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी 'होईल' म्हणून बसले. कसं होईल, हे मला मुळीच ठाऊक नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस मी त्याच नादात होते. आमच्या क्लासमध्ये कॉम्प्युटरची मासिकं येतात, त्यांच्याबरोबर सीडी असते. अशा एका सीडीवर एक प्रोग्राम मिळाला. तो बसवला आणि गंमत अशी, की कॉम्प्युटरच्या यादीत दोन प्रिंटर दिसायला लागले. टेबलावर तर एकच! हा दुसरा कुठला? मी स्लाइड उघडून 'छापा' म्हटलं, त्या नसलेल्या प्रिंटरचं नाव निवडलं आणि कानात प्राण आणून बसले. खरा प्रिंटर हूं की चूं करीना. उलट कॉम्प्युटरनंच मला विचारलं, फाइलला नाव काय देऊ? म्हणजे छपाई झाली, पण कागदावर नाही. एक फाइल तयार झाली. जशी पानं छापून आली असती तशीच त्या फाइलमध्ये एकाखाली एक. कुणाला त्यातला काना-मात्रा सहजी हलवता येत नाही, फक्त वाचता येतं, आणि वाचायचा प्रोग्राम फुकट मिळतो. पहिल्यांदा केली तेव्हा अक्षरांचं पुन्हा तेच झालं. मग शोधता शोधता आतल्या एका खिडकीत बारीकशी चौकट सापडली, 'सगळे फाँट फाइलीतच घाला' अशा अर्थाची. तिथं खूण केली आणि फाइल घेऊन समोरच्या फोनबूथवाल्या नानासोंकडे गेले. त्यांच्या कॉम्प्युटरवर मराठीचं नावसुद्धा नाही. उघडली. 'मेंढी'च्या जागी मेंढी! मी इतक्या मोठ्यानं ओरडले की आत फोनवर बोलणारा माणूस बाहेर डोकावला.

आणखी एक गोष्ट तुला सांगायची आहे. छापायच्या त्या खिडकीत विचारतात, सगळ्या स्लाइड हव्यात, की ही एकच, की ठरावीक क्रमांकाच्या? क्रमांक लिहायचे, मधे स्वल्पविराम द्यायचा. मी गंमत म्हणून तीन, आठ आणि वीस लिहिले. फाइल उघडली तर त्या एक, दोन, तीन होऊन बसलेल्या. मधल्या कुठं गेल्या याची खूणही नाही. बघणाऱ्याला वाटावं, एवढंच होतं. मी बराच वेळ बघत बसले. वगळलेल्याची जागासुद्धा दिसत नाही, हे मला कसंतरीच वाटलं.

गेल्या बुधवारी मॅडम निवड करायला आल्या. एकेक स्लाइड मोठी करून बघायची, त्या हो किंवा नाही म्हणायच्या, मी क्रमांक लिहून घ्यायची. सोळावी हो. बाविसावी हो. एकतिसावी आली तशा त्या घाईनं म्हणाल्या, "ही नको." पण त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून मी हात थांबवला आणि ती पहिल्यांदा नीट वाचली. डावीकडे एक गोल, त्यात 'बाजार, २१ एप्रिल'. तिथून बाण, त्याच्यावर 'अकरा मेंढ्या, दिसायला निरोगी'. बाण 'कळप सात, एकूण बहात्तर' असं लिहिलेल्या चौकोनात जातो. खाली तारखा: २९ एप्रिल, पहिली मेली, नव्या अकरांतली. ३० एप्रिल, कळप ओढ्यापलीकडच्या माळावर हलवला. १२ मेपर्यंत मेलेल्या अठ्ठावन्न. वर कोपऱ्यात साल, १९९५.

दादा, आपल्या मेल्या त्याही अठ्ठावन्नच. आणि चौदा उरल्या.

मी तेव्हा मामांकडे टायपिंग शिकत होते, त्यामुळे मला सगळं ऐकूनच माहीत. आप्पा तापानं अंथरुणावर होते म्हणून बाजाराला तू गेलास आणि अकरा मेंढ्या निवडून आणल्यास. आई सांगायची, तू प्रत्येकीचे दात बघितलेस, पाठीवरून हात फिरवलास, अन् घरी आल्यावर त्या दाखवताना तुझे पाय जमिनीला लागत नव्हते. मग अठ्ठावीसला तू फौजेच्या भरतीसाठी गेलास. जाताना बजावलंस, की ओढ्यापलीकडं कळप नेऊ नका, तिथं कडेच्या मळ्यात औषध फवारलंय. दोन मेला परत आलास तेव्हा कळप ओढ्यापलीकडेच होता आणि मेंढरं पडत होती. सगळ्या गावासमोर तू आप्पांना म्हणालास, "तुमीच मारली मेंढरं." आप्पा काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत म्हणून तुला वाटलं की ते कबूल आहेत. मलाही तसंच वाटत आलं होतं. खरं सांगते, तीन वर्षं मीही आप्पांकडे तशाच नजरेनं बघत होते. पण पहिली मेंढी एकोणतीसला मेली. तू गेल्यावर, आणि कळप हलवायच्या आधी. आपल्या दोघांना ती तारीख माहीतच नव्हती.

मी मॅडमना विचारलं, "या माणसाचं नाव आकाराम का?" त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत राहिल्या. मग विचारलं, "तू कोण त्यांची?" मी म्हटलं, "मुलगी." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग सांगितलं. चार मेला त्या आपल्याकडे आल्या होत्या, रक्ताचे आणि कसले कसले नमुने नेले होते. दोन महिन्यांनी तपासणीचा कागद आला तो घेऊन त्या पुन्हा आप्पांकडे गेल्या. रोग बाजारातल्या अकरांबरोबर आला होता. पहिले काही दिवस असं जनावर खातं-पितं, उड्या मारतं, रोगाची एक खूण दिसत नाही. डॉक्टरलाही नुसतं बघून ओळखता येत नाही. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुमच्या पाया पडतो, ह्ये गावात कुनाला सांगू नगा. पोरगं भरती झालंय. त्येच्या कानावर जायाला नगं." मॅडमनी शब्द दिला. म्हणून ते चित्र त्यांनी रेखाटलं खरं, पण तीन वर्षांत एकदाही कुणाला दाखवलं नाही, आणि त्याची स्लाइडही लपवून ठेवली.

रविवारी मी गावी गेले. मॅडमकडून त्या एका पानाची छापलेली प्रत मागून घेतली होती. आप्पा दारात लोकर कातत बसले होते. मी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांना वाचता येत नाही, पण चित्र ते बरोबर वाचतात. गोलावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो बाजार व्हय?" मग बोट बाणावरून सरकत चौकोनापाशी आलं आणि तिथंच थांबलं. "बाईनी शब्द मोडला?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही आप्पा, मीच ओळखलं. तेवढ्यात आई पिठाच्या हातानं बाहेर आली, म्हणाली, "काय वळखलंस गं?" आणि मी दोघांसमोर सगळं सांगून टाकलं.

आई खालीच बसली. रडली-बिडली नाही. आप्पांकडे बघून एवढंच म्हणाली, "आवं, तीन वरसं एका ताटातलं खातोय. मलाबी न्हाई सांगितलं व्हय?" आप्पा म्हणाले, "तुला सांगितलं आसतं तर तू त्येला सांगितलं आसतंस." आईनं ते नाकारलं नाही. मला राहवेना. मी विचारलं, आप्पा, दादा गावासमोर तुम्हाला नाही नाही ते बोलला, तेव्हा तरी का सांगितलं नाहीत? ते म्हणाले, "तवा मला तरी कुटं ठावं हुतं? एक मेली, म्हनलं हितली जागा बाधली आसंल, म्हनून पल्याड न्हेली. खरं कळलं ते बाई कागद घिऊन आल्यावर. तवर त्यो गेला हुता." मग ते बोटांतली लोकर सोडवायला लागले. मी विचारलं, मग नंतर? नंतर का नाही कळवलंत? त्यावर ते जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते आहे, एसटीत बसल्या बसल्या वहीत उतरवून घेतलं होतं:

"सपने, त्यो तवा ईस वरसांचा हुता. पयल्यांदा त्येनं सोता जित्राब पारखून आनलं. पारख बराबर हुती त्येची. मी गेलो आसतो तर मीबी तीच अकरा घेतली आसती. आता त्येला कळवायचं, की तू आनली त्येनं कळप मेला? मग त्यो जल्मात कवा कुटल्या जनावरावर हात ठिवनार न्हाई. माझ्यावर राग हाय न्हवं? आसू दे. दुसऱ्याचा राग आला तर मानूस चालत ऱ्हातो. आपल्याच हातानं झालं म्हनला की बसतो."

दादा, इथपर्यंत वाचून तू काय करत असशील, मला कळत नाही. मला फक्त ठाऊक आहे, की मी हे तुला दोष द्यायला लिहीत नाही. दोष द्यायला काही जागाच नाही त्यात. ना तुझा, ना आप्पांचा. मॅडमच्या सोळा वह्यांमध्ये असे तेवीस कळप आहेत, आणि तेवीसही मालकांनी चांगली बघूनच मेंढरं घेतली होती. हे मी आप्पांनाही सांगितलं. ते चमकून म्हणाले, "तेवीस? आनि सगळ्यांची बाजारातनंच आल्याली?" मग कधी नव्हे ते प्रश्नावर प्रश्न विचारायला लागले. किती दिवसांनी पहिली पडली? वेगळी बांधली असती तर? किती दिवस वेगळी? मी सांगितलं, नवीन आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळ्या वाघरीच्या जाळीत ठेवलं, वेगळं पाणी पाजलं, तर रोग असला तरी त्या तीन आठवड्यांत दिसतो आणि कळप वाचतो. एवढं साधं. आप्पा म्हणाले, "गुंडाला ह्ये म्हाईत न्हवतं." पलीकडच्या वाडीतला गुंडा, तुझ्याबरोबर शाळेत होता तो. भादव्यात त्यानं बाजारातून नऊ आणली आणि त्याच दिवशी कळपात सोडली. एकतीस गेली. आप्पा त्याच्याकडे जाऊन दोन दिवस नुसते बसून आले होते. आम्हाला वाटलं, शेजारधर्म म्हणून गेले.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. मॅडमनी निवडलेल्या अकरा स्लाइडमध्ये रोगाची माहिती आहे, फोटो आहेत, लस कधी टोचायची ते आहे. पण रोग बाजारातून घरी कसा येतो आणि दिवसागणिक काय होतं, हे वाचता न येणाऱ्यालाही बोट फिरवून कळेल अशी एकच स्लाइड आहे, आणि ती एकतिसावी. मॅडम म्हणतात, बाकीच्या अकरा गेल्या नाहीत तरी चालेल, ही जायला हवी. पण शब्द दिलाय, म्हणून परवानगीशिवाय त्या पाठवणार नाहीत. मी आप्पांना परवानगी मागितली. ते म्हणाले, "माझं काय, द्या. पर मेंढरं त्येनं आनल्याली हुती. त्येला इचार. त्यो नगं म्हनला तर नगं." म्हणून विचारते आहे. तिच्यावर नाव नाही, गाव नाही. तरी आपल्या भागातल्या माणसाला अठ्ठावन्नचा आकडा बघून कळेल, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. सोबतच्या फ्लॉपीवर दोन फाइली आहेत, एक अकरा स्लाइडची, एक बाराची. वाचायचा प्रोग्राम तुमच्या सिग्नलवाल्यांकडे नक्की असेल. सांगलीला पंधरा डिसेंबरपर्यंत फाइल द्यायची आहे. तू हो म्हणालास तर बारा जातील, नाही म्हणालास तर अकरा, आणि मी पुन्हा कधी का म्हणून विचारणार नाही. फक्त तुझं उत्तर साताऱ्याच्या पत्त्यावर माझ्याकडे पाठवू नकोस. तुला विचारायला आप्पांनी सांगितलं आहे, तेव्हा उत्तरही त्यांच्याच नावानं गावी पाठव. वाचून दाखवायला मी जाईन. पाकिटावर तुझ्या हातचं 'आकाराम' एवढं त्यांना दिसू दे. आत काय लिहायचं ते तुझं तू ठरव.

तुझीच,
सपनी